जयेश गाडीत का थांबला

५ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी प्रतापचा फोन — काम आटोपलं, निघतोय. अंधार पडल्यावर परत फोन — अडकलोय. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर एक ट्रक आडवा झालाय, मागे गाड्यांची रांग. हसत होता. म्हणाला, काच पुसली की परत पांढरी, पुसली की परत पांढरी. मागून त्याच्या ऑफिसातल्या जयेशचा आवाज — "वहिनी, दादांनी माझी गाणी बंद करून बातम्या लावल्यात, जपानी बातम्या! तुम्ही सांगा त्यांना."

इथं सेंदाईत आकाश स्वच्छ आहे. कोरडा वारा. लोक सायकलवरून भाजी नेतायत. डोंगराच्या एका अंगाला माणसं बर्फात अडकलेली आणि दुसऱ्या अंगाला मी गॅलरीत कपडे वाळत घालतेय — हे कसं?

जयेशच्या बायकोला, चैत्रालीला म्हटलं, इकडे ये झोपायला. एकटी राहू नकोस या दिवसांत. नको म्हणाली, येईलच तो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रताप आहे. जयेश नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

काल पुढे लिहिता आलं नाही. आजही येईल असं नाही, पण हाताला काहीतरी हवं.

काल सकाळी ओनोदेरा-सानांचा फोन. प्रतापचे वरिष्ठ. ते नेहमी आधी हवेबद्दल बोलतात. काल बोलले नाहीत. "प्रताप-सान सुखरूप आहेत" — आणि थांबले. इथला माणूस असा थांबला की पुढचं वाक्य आपण मनात पुरं करायचं असतं. मी केलं नाही. मुद्दाम केलं नाही. मग त्यांनाच म्हणावं लागलं.

चैत्रालीकडे ओनोदेरा-सान आणि मी गेलो. तिनं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि एकदम खाली वाकून कपाटातून पाहुण्यांच्या सपाता काढायला लागली. पाचवा महिना आहे तिला. म्हटलं, वाकू नकोस गं. तर म्हणाली, "त्यांना आत या म्हणा ना. थंडी किती आहे."

पोलिसांचं म्हणणं — गाडी सुरू ठेवली होती, मागे बर्फ साचत गेला, सायलेन्सर बुजला, धूर आत. त्या धुराला वास नसतो. झोपेतच गेला असणार. जो तो हेच सांगतो — झोपेत, काही कळलं नसेल. सांत्वनाला एवढंच वाक्य आहे सगळ्यांकडे. त्याच रांगेत एक म्हातारं जोडपंही गेलं. टीव्हीवर त्यांच्या अंगणातला सायकलींचा स्टँड दाखवला. का दाखवला?

प्रतापला कंपनीच्या गाडीनं काल संध्याकाळी आणून सोडलं. मी दारातच त्याला धरलं. तो लाकडासारखा. चैत्रालीला तोवर आमच्याकडे आणलं होतं, ती आमच्या लेकीच्या, तन्वीच्या खोलीत होती. तो त्या बंद दाराबाहेर जमिनीवर बसून राहिला. ती बाहेर आली नाही. यानं दार वाजवलं नाही.

मला आतून सारखं एकच — माझा आला. माझा आला! असं वाटणं वाईट आहे हे कळतं. थांबत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

टीव्हीवर काठी घेतलेला एक माणूस नकाशा समजावत होता. सैबेरियातून थंड हवा येते. कोरियाच्या डोंगरांपाशी तिचे दोन भाग होतात, समुद्रावर आल्यावर ते परत एकमेकांना भिडतात. भिडतात तिथं ढगांचा पट्टा. तो पट्टा ज्या गावावर येऊन थांबेल ते गाव बुडालं. या वर्षी समुद्र नेहमीपेक्षा गरम होता, म्हणून वाफ जास्त, म्हणून बर्फ जास्त.

गरम होता म्हणून बर्फ! तन्वीला म्हटलं, हे कसं काय? ती शाळेत शिकलीय. तिनं कागदावर बाण काढून दाखवले. पोरगी हुशार आहे. चौदाव्या वर्षी मला हे समजलं नसतं, चव्वेचाळिसाव्या वर्षीही नीट समजलं नाही. एवढं कळलं की सगळा बर्फ डोंगर अडवून धरतो आणि आमच्याकडे नुसता वारा सोडतो.

बरं, मग कारण काय म्हणायचं? समुद्र? डोंगर? तो आडवा झालेला ट्रक? पुढे गाडी अडकली होतीच तर रस्ता आधी का नाही बंद केला, असं काल एक बाई कॅमेऱ्यासमोर रडत विचारत होती. अधिकारी माफी मागायला कमरेत वाकले. खूप वेळ वाकून राहिले.

प्रताप जेवत नाही. ताट पुढे ओढतो, मागे सारतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

मी ज्यांच्या मासिकात लिहिते त्या संपादकांचा पुण्याहून मेसेज. "बातमी वाचली. फार वाईट झालं. थोडं सावरलात की बर्फावर काही लिहाल का? अनुभव ताजा आहे तोवर." उत्तर दिलं नाही. आणि इथं पानं भरतेच आहे की मी! मग त्यांच्यावर कशाला रागावू?

आज प्रतापचे कपडे धुवायला काढले. त्या रात्रीचे अंगावरचे, तसेच पिशवीत पडले होते. खिसे तपासताना वास आला. रॉकेलच्या शेगडीचा, आणि माशाच्या आमटीचा. परत वास घेतला. तोच.

स्वेटर कोरडा. मोजे कोरडे. रात्रभर बर्फात अडकलेल्या माणसाचे कपडे असे?

मशीन लावलं नाही. पिशवी परत बांधून ठेवली. का ठेवली कोण जाणे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

जयेशचा मोठा भाऊ आला, नचिकेत. पुण्याहून निघून तीन विमानं बदलत आला बिचारा. अंगावर उसनं जाकीट, बाह्या आखूड. आमच्याकडेच उतरला. चहा हातात घेतला आणि पहिला प्रश्न प्रतापला — तुम्ही दोघं एकाच गाडीत होतात ना?

प्रताप म्हणाला, हो.

मग तुम्ही कुठे होतात तेव्हा?

"बाहेर," प्रताप म्हणाला. बाहेर म्हणजे कुठे, असं नचिकेतनं परत विचारलं. प्रताप उठून बाल्कनीत गेला. दार लावून घेतलं. काचेतून त्याची पाठ दिसत होती आम्हाला सगळ्यांना. चैत्राली त्या पाठीकडे बघत होती.

मी मधेच काहीतरी बोलले. आंघोळीला गरम पाणी आहे, असं काहीतरी.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज इथं सुट्टी. सगळी घरात.

प्रतापला कितीदा विचारलं. गोड बोलून, रागावून, शेजारी नुसती बसून. एकच उत्तर — नंतर सांगतो. सतरा वर्षांच्या संसारात या माणसानं माझ्यापासून एक गोष्ट लपवली नाही. माझ्या वाढदिवसाची साडीसुद्धा आदल्या दिवशी दाखवून टाकतो.

तो जयेशला सोडून गेला का? लिहिलं शेवटी. वाचून बघितलं. पान फाडावंसं वाटलं, नाही फाडलं. समजा गेला. उबेला गेला, जीव वाचवायला गेला. मी असते तर? मीही गेले असते. पण मग हाक मारून, ओढून नेलं असतं. की नसतं?

तन्वी स्वयंपाकघरात आली, फ्रिज उघडून उभी राहिली. पाठमोरीच म्हणाली, "बाबा वा वारुकुनाई." बाबा वाईट नाही. मुद्दाम जपानीत. मी वाद घालू नये म्हणून.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सुंदर ऊन पडलं आहे. कशाला?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

जयेशला निरोप दिला. त्याच्या आईवडिलांनी पुण्यातून फोनवर पाहिलं. देह तिकडे न्यावा असं त्यांचं होतं, पण चैत्रालीनं सांगितलं, त्याला आता थांबवून ठेवू नका, झालं तेवढं पुरे. तिच्यापुढे कुणी बोललं नाही.

इथल्या पद्धतीनं अस्थी दोघादोघांनी मिळून काठ्यांनी उचलायच्या असतात. दोघांच्या काठ्या, मधे एकच अस्थी. पांढरे हातमोजे घातलेला माणूस जवळच्यांच्या हातात त्या काठ्या देत होता. त्यानं प्रतापला दिल्या. कुठून कळलं त्याला? चेहऱ्यावरून असेल. नचिकेतनं शांतपणे त्या प्रतापच्या हातातून काढून घेतल्या. प्रतापनं हात तसाच पुढे धरलेला. काठ्या गेल्या तरी बोटं मिटलेली.

मी त्या हातात माझा हात घालायला हवा होता. नाही घातला. माझ्या डोक्यात तो स्वेटर होता.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज मला कळलं. सगळं लिहून ठेवते, उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

जयेशची बॅग, फोन वगैरे डोंगरापलीकडच्या पोलीस चौकीत होतं. प्रताप निघाला, मी म्हटलं मीही येते. बसनं गेलो. बोगद्यात शिरेपर्यंत करडी झाडं, कोरडा डोंगर. बोगद्यातून बाहेर पडलो — घरं नाहीतच! नुसती छपरं आणि त्यांच्यावर उभी राहून बर्फ खाली लोटणारी म्हातारी माणसं. रस्ता म्हणजे दोन पांढऱ्या भिंतींमधली गल्ली. मी खिडकीला नाक लावून बसले होते. प्रतापनं डोळे मिटून घेतले.

सामान घेतलं. मग तो मला म्हणाला, एका ठिकाणी जाऊन येऊ. आणि न थांबता चालत सुटला.

गावाचं सभागृह. एक लांब खोली, मधे रॉकेलची शेगडी, एका कोपऱ्यात मोठं पातेलं. दारातच मला तो वास आला. माझ्या पिशवीतला वास.

आत चार-पाच बायका होत्या, सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. प्रतापला बघून उठल्या. एकजण, साइतो-सान म्हणे, तिनं त्याचे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली. तिची बोली मला निम्मी कळत होती. सांगत होती, रांग सुटत नाही दिसल्यावर गावकऱ्यांनी दोर बांधून गाड्यांपर्यंत जाऊन एकेकाला आत आणलं. आमटी केली, भात केला. त्या दुसऱ्या पोरासाठीही बसायची गादी मांडली होती. वाटी भरून झाकून ठेवली होती. दोनदा माणूस पाठवला बोलवायला. तो काच खाली करून हसायचा, हात जोडायचा. दाइजोबु, दाइजोबु. मी ठीक आहे. मग वारा असा सुटला की समोरचा हात दिसेना, दोर तुटला.

"आमची आमटी त्याला आवडत नव्हती का?" तिनं मला विचारलं. खरंच विचारत होती. अकरा दिवस बाई तेच मनात घेऊन बसली होती.

प्रताप म्हणाला, नाही हो, तसं काही नाही. आणि मान खाली.

परतीच्या बसमध्ये बोलला. बोगदा यायच्या आत सगळं बोलून टाकलं.

त्या दिवशी संकष्टी होती. लग्न झाल्यापासून चैत्राली संकष्टी करायची, मूल व्हावं म्हणून. दिवस राहिले, डॉक्टरांनी उपाशी राहायचं नाही म्हणून बजावलं. घेतलेलं व्रत मधे सोडायचं कसं? तेव्हा जयेशनं ते आपल्याकडे घेतलं. "बाळाचा बाप आहे, निम्मं काम माझंही" — असं म्हणायचा, प्रताप सांगत होता. आणि ते चंद्रोदय धरतात तो पुण्याचा. जयेशच्या आई तिकडे ज्या वेळी सोडतात त्याच वेळी इथं सोडायचा. पुण्यात चंद्र उगवतो तेव्हा इथं मध्यरात्र उलटलेली असते. मला माहीतच नव्हतं हे. आमच्याकडे उपास कुणी करत नाही, म्हणून आमच्यासमोर तो बोलला नसावा.

त्या दुपारी, ते कामाला गेले होते त्या कारखान्यातसुद्धा हेच. जेवणाचे डबे मांडलेले, जयेश म्हणाला आज मी खात नाही. झालं! तिथले साहेब ओशाळले, माफी मागायला लागले, आमचं चुकलं म्हणाले, फळं आणायला एका माणसाला त्या हवेत बाहेर पाठवलं. तो येईपर्यंत निघणं बरं दिसेना. निघायला तासभर उशीर त्याचाच. जयेश गाडीत प्रतापला म्हणाला होता, दादा, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

म्हणून तो सभागृहात गेला नाही. उपास होता म्हणून नव्हे — उपाशी काय, तिथंही बसता आलं असतं. पण त्या म्हाताऱ्या आग्रह करणार, हा नाही म्हणणार, त्या परत वाढणार, सगळी खोली याच्याकडे बघणार. "तिथं नाही-नाही म्हणत बसण्यापेक्षा इथं बरा आहे. तुम्ही जाऊन या, दादा. माझ्याकडे शेंगदाणे आहेत, केळी आहेत." प्रतापनं बजावलं, गाडी बंद ठेव, थोडा वेळ लाव, परत बंद कर, मागचा बर्फ काढत राहा. हो हो म्हणाला. प्रताप म्हणाला, तासाभरात येतो.

गेला. जेवला. शेगडीपाशी पाठ टेकली. झोप लागली.

जागा झाला तेव्हा बाहेर काही उरलंच नव्हतं. धावत सुटला तर तिघांनी मिळून दारात धरून ठेवलं. ओरडला म्हणे खूप. सकाळी तिथं नुसता उंचवटा होता.

"मी जेवलो, सुनेत्रा," म्हणाला. "दोनदा आमटी घेतली."

भिडेपायी माणूस जातो? लहानपणी ऐकलं होतं, भीड भिकेची बहीण. भिकेपर्यंतच ऐकलं होतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ती पिशवी उघडली. कपडे धुतले. दोन वेळा मशीन लावलं. आणि मी त्याच्याबद्दल ११ तारखेला जे लिहिलंय ते तसंच ठेवते. माझंच आहे.

पण चैत्रालीला सांगायचं कसं? तिच्या व्रतापायी तो गाडीत राहिला — हे पाच महिन्यांच्या गरोदर बाईला? आणि नाही सांगायचं तर प्रताप त्याला टाकून गेला, असंच ती धरून बसणार. माझी मुलगी त्याला वाईट नाही म्हणते तेवढंच. बाकी कोण म्हणेल?

१८ फेब्रुवारी, बुधवार

तिनं विचारलं. आज सकाळी, चहाच्या वेळी. नचिकेत होता, मी ओट्यापाशी.

"दादा, एकच विचारते. तुम्ही आत होतात आणि तो गाडीत. का?"

प्रतापनं कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी सांगितलं म्हणून," म्हणाला. "मागे कंपनीचं मशीन होतं. महागाचं. मी म्हटलं, एकानं गाडीपाशी थांबायला हवं. तू थांब."

माझ्या हातातली पळी तशीच. एवढं सरळ, एवढं शांत खोटं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

नचिकेत म्हणाला, "आणि साहेब गेले शेकायला."

"हो."

चैत्राली प्रतापकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." थोड्या वेळानं परत — "बरं." आणि माझ्याकडे वळून, "ताई, दूध उतू जातंय."

खरंच जात होतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

भांडलो. गाडीत बसून, इमारतीच्या खाली, काचा बंद करून, घरात त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. म्हटलं, खोटं का? आणि असं? झोप लागली म्हणाला असतास तरी चाललं असतं, ते खरं होतं!

तो म्हणाला, झोप लागली म्हटलं की पुढचा प्रश्न येतो — मग तो का नाही आला तुमच्याबरोबर? त्याचं उत्तर एकच आहे. ते मी तिला देणार नाही. तिचं बाळ व्हायचंय. तिला कुणावर तरी रागवायला हवं. माझ्यावर रागवू दे.

आणि तन्वी? म्हटलं. तन्वीनं बापाबद्दल हे ऐकत मोठं व्हायचं? मी काय करू? माझ्या नवऱ्याला लोक खुनी म्हणताना शेजारी उभी राहून चहा पुढे करू?

त्यानं काचेवरची वाफ बाहीनं पुसली. नंतर म्हणाला, मी त्याला ओढत नेऊ शकलो असतो. मोठा होतो मी. मोठ्या माणसानं दम दिला असता तर आला असता तो. म्हणजे अगदीच खोटं नाही ते.

हे बरोबर आहे का? मला खरंच कळत नाही. चांगुलपणा म्हणायचा, की एवढी मोठी शिक्षा स्वतःहून मागून घेणं म्हणजे सुद्धा एक पळवाट? जास्त विचार केला की दोन्ही खरं वाटतं. कमी केला की दोन्ही खोटं.

२२ फेब्रुवारी, रविवार

पसरलं. नचिकेतनं कुणाला सांगितलं, त्यानं कुणाला.

चारुताचा फोन. इथल्या मराठी मंडळींच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाचं तिच्याकडे असतं. आधी तब्येत विचारली, चैत्रालीचं विचारलं, मग — "अगं, यंदा स्पीकरचं दुसरं कुणीतरी बघतंय, प्रतापला म्हणावं दगदग नको." मी म्हटलं, दगदग कसली, दर वर्षी तोच करतो. "नाही गं, आम्ही काही म्हणत नाही हं. लोक म्हणतात. आणि शेवटी मशीनपेक्षा माणूस मोठा, नाही का?"

जिभेवर आलं होतं. संकष्टी, पुण्याचा चंद्र, शेंगदाणे, सगळं. गिळलं. गोड आवाजात म्हटलं, बरोबर आहे तुझं.

तन्वीनं ऐकलं असणार. जेवताना बापाच्या ताटात पोळी वाढली, न विचारता. त्यानं खाल्ली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

चैत्राली आता पुण्याला जाणार, म्हणून तिचं घर रिकामं केलं. इथं कचरासुद्धा वेगवेगळा करून टाकावा लागतो — जळणारा, न जळणारा, मोठ्या वस्तूंचा वेगळा दिवस. जयेशचे बूट घेऊन मी उभी. चामडं जळणाऱ्यात, की न जळणाऱ्यात? चैत्राली म्हणाली, द्या इकडे, आणि बॅगेत घातले. कपड्यांवर, तसेच मातीचे.

नचिकेत दुसऱ्या खोलीत असताना तिला विचारलं, दादांवर फार राग आहे का गं? पेट्यांना टेप लावत राहिली. म्हणाली, "ताई, राग कुठे ठेवायचा तेच कळत नाही." तिच्या पाठीवरून हात फिरवला. किती हाडं लागली हाताला!

मला वाटलं, आता सांगून टाकावं. मग वाटलं, नको. दोन्ही अगदी एकाच वेळी वाटलं. मीही टेप लावायला बसले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

चैत्राली गेली. प्रतापनं स्टेशनात वर येऊ नये असं नचिकेतचं म्हणणं होतं, म्हणून फलाटावर मीच. नचिकेत पाण्याच्या बाटल्या आणायला गेला तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, दादा खोटं बोलले ते मला तेव्हाच कळलं."

मी काही बोलायच्या आत —

"जयेशनं फोन केला होता मला गाडीतून. म्हणाला, सगळे आत चाललेत, आज सोडू का लवकर? मी म्हटलं, आईंकडे चंद्र उगवू दे. इतके महिने केलंस, आज कशाला मोडतोस."

मग तू दादांना का बोलू दिलंस, असं विचारलं मी. तिनं पर्सची चेन लावली. म्हणाली, "बाळ झालं की सांगा त्यांना. आत्ता नको. आत्ता सांगितलंत तर लगेच फोन करतील, तुझी काही चूक नाही म्हणतील. मला आत्ता कुणी माफ केलेलं नकोय."

गाडी आली. नचिकेत आला.

खाली प्रताप स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. "रडली का गं?"

म्हटलं, नाही.